कपाट नंबर चार : कामाची नोंदवही

२ जून २०२५

कार्यकारिणीने अखेर ठरवलं. मागच्या पावसाळ्यात छताची गळती नेमकी चार नंबरच्या कपाटावर उतरली, तेव्हापासून वाचनालयातली चरित्रं-आत्मचरित्रं बाकावर रचून ठेवलेली आहेत. गळती बंद झाली, कपाटाला रंग दिला. आता पुस्तकं परत लावायची कुणी? ग्रंथपालबाई एकट्या, शिपाई अर्धवेळ. रोज दुपारी पेपर चाळायला येणारा मी रिकामा माणूस सापडलो.

काम असं. प्रत्येक पुस्तक हातात घ्यायचं, दाखल नोंदवहीतल्या क्रमांकाशी जुळवायचं, ठेवायचं की निर्लेखनात (म्हणजे रद्द करून संग्रहातून) काढायचं ते सुचवायचं. ठेवायचं असेल त्याच्या आतल्या पानावर चार ओळींची चिठ्ठी डकवायची: पुस्तक कसं आहे आणि कुणी न्यावं. चिठ्ठीची कल्पना बाईंची. मलपृष्ठावरचं कौतुक वाचून सभासद फसतात, असं त्यांचं म्हणणं.

मी एसटीत सव्वीस वर्षं वाहक होतो. वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशेब, भरल्याशिवाय दिवस संपत नसे, ती सवय इथे चालू ठेवतोय. वाचनाचं म्हणाल तर मुक्कामी गाडीने मला वाचक केलं. रात्री नऊला गाडी शेवटच्या गावात उभी, सकाळी सहाला परत. मधे देवळाच्या ओसरीवर माणूस करणार काय?

४ जून

मोजणी झाली. नोंदवहीत ३१८, बाकावर २९१. सत्तावीस गहाळ. अत्र्यांच्या 'कऱ्हेचे पाणी'च्या पाच खंडांतला तिसरा नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'च्या तीन प्रती, तिन्ही खिळखिळ्या. हे चांगलं लक्षण. मोठ्या लोकांचे गौरवग्रंथ एकवीस, सगळे कोरे करकरीत. हे काय लक्षण ते बाईंनी सांगायला नको.

बाई पुस्तकांच्या वर्गवारीचे ड्यूईचे आकडे शिकलेल्या आहेत. चरित्रं ९२० ला, मराठी साहित्य ८९१.४६ ला, त्यातला विनोद आणखी एक आकडा पुढे, ८९१.४६७. म्हणजे हसणारी पुस्तकं खोलीच्या त्या टोकाला आणि आयुष्य सांगणारी या टोकाला. मला हे आजच खटकलं, पण पहिल्याच आठवड्यात वाद नको म्हणून गप्प बसलो.

निवडीसाठी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली. पहिल्या पन्नास पानांत लेखक स्वतःवर एकदा तरी हसतो का? एकदाही हसत नसेल तर पुढच्या चारशे पानांत तो खरं सांगेल असं मला वाटत नाही. तिकीट न काढलेला माणूस फार ताठ बसतो, त्यातलंच हे.

७ जून

आज भांडण. चरित्रांच्या गठ्ठ्यात 'स्वामी', 'राऊ' आणि अशा तेरा कादंबऱ्या निघाल्या, त्या मी कादंबरी विभागात पाठवल्या. एक जुने सभासद (गावात त्यांना सगळे गुरुजी म्हणतात) चिडले. "माधवरावांचं चरित्र आम्ही 'स्वामी'तूनच शिकलो, तुम्ही कोण हलवणार?" मी म्हटलं, गुरुजी, रमाबाई आणि माधवराव एकांतात काय बोलले ते रणजित देसाईंना कोणी सांगितलं? गुरुजी म्हणाले, "पण तसंच बोलले असणार." यापुढे माझ्याकडे उत्तर नव्हतं.

पुस्तक चांगलं आहे, मी दोनदा वाचलंय. पण कादंबरीकाराला जिथे पुरावा संपतो तिथे सुरुवात करता येते, चरित्रकाराला तिथे थांबावं लागतं. आपल्याकडे वाचकांना थांबलेलं आवडत नाही, म्हणून तेराच्या तेरा प्रती झिजलेल्या आणि न. र. फाटकांचं 'न्यायमूर्ती रानडे यांचे चरित्र' कुणी उघडलेलंही दिसत नाही. निर्णय: कादंबऱ्या तिकडेच. गुरुजींसाठी कपाटावर एक पाटी लावू, 'स्वामी पलीकडे आहे'.

१२ जून

आज पु. ल. जाऊन पंचवीस वर्षं झाली. १९४६ साली याच तारखेला त्यांचं लग्न झालं होतं. योगायोगाने सुनीताबाईंचं 'आहे मनोहर तरी' हातात आलं. १९९० च्या आवृत्तीची प्रत, मागे चिकटवलेली तारीखचिठ्ठी दोनदा वाढवलेली.

पुस्तकापेक्षा समास जास्त बोलतो. एका पानावर पेन्सिलीने लिहिलंय, 'हे जरा जास्तच.' त्याखाली निळ्या शाईत दुसरं अक्षर: 'तुम्ही संसार केलाय का?' त्याखाली तिसरं, बारीक: 'पुस्तकात लिहू नये. ग्रंथपाल.' हे तिसरं अक्षर आमच्या बाईंचं नाही, त्यांच्या आधीच्या ग्रंथपालांचं. बाई म्हणाल्या, खोडरबर घ्या. मी नाही घेतलं. ही प्रत अशीच राहू दे, हा वाद या पुस्तकावर गावोगाव झालेला आहे आणि आमच्या गावातला एवढाच लेखी पुरावा.

गंमत अशी की ज्या माणसाने अख्ख्या महाराष्ट्राला स्वतःवर हसायला शिकवलं त्याने सरळ बसून आत्मचरित्र लिहिलं नाही. 'गणगोत' लिहिलं, दुसऱ्यांची चित्रं काढली आणि स्वतः मागे उभे राहिले. हिशेब घरातून आला, आणि तो हसरा नाही. माझ्या कसोटीत सुनीताबाई काठावर बसतात. त्या स्वतःवर हसत नाहीत, पण स्वतःला सोडतही नाहीत. स्वतःच्या हट्टाची, काटेकोरपणाची नोंद त्याच कोरड्या हाताने करतात. चिठ्ठी लिहिली: 'पु. लं.ची माहिती हवी म्हणून नेऊ नका. एका बाईचा हिशेब वाचायचा असेल तर न्या.'

१६ जून

तीन दिवस एकाच गोष्टीमागे लागलोय. बायका नवऱ्याला पुस्तकात काय म्हणतात?

रमाबाई रानड्यांचं 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' १९१० चं, न्यायमूर्ती जाऊन नऊ वर्षं झाल्यावरचं. नाव घ्यायचं नाही, मग लिहायचं कसं? रमाबाईंनी 'स्वतः' हा शब्द शोधून काढला. स्वतः असं म्हणाले, स्वतः तसं म्हणाले. पहिली वीस पानं माझा गोंधळ उडत होता की हे स्वतः म्हणजे कोण, लिहिणारी की नवरा. मग लक्षात आलं की गोंधळातच पुस्तकाची किल्ली आहे. आत्मचरित्र बाईंचं, पण त्यातला 'स्वतः' दुसराच.

तरी त्या भक्तीतून रानडे जिवंत निसटतात. कलकत्त्याला असताना न्यायमूर्ती बंगाली शिकायला लागले, दाढी करायला आलेल्या न्हाव्यालाच वाचून दाखवू लागले, न्हावी उच्चार दुरुस्त करतोय. रमाबाईंना ऐकून हसू आलं, तर रानड्यांनी दत्तात्रेयाच्या चोवीस गुरूंचा दाखला दिला. गालाला साबण लावलेला जज्ज आणि वस्तरा हातात धरून त्याची चूक काढणारा न्हावी. फाटकांच्या जाडजूड ग्रंथात मला न सापडलेला माणूस या एका प्रसंगात सापडला.

लक्ष्मीबाईंची तऱ्हा वेगळी. त्या सरळ 'टिळक' म्हणतात. टिळक रागावले, टिळक घराबाहेर पडले, टिळक कुठे गेले पत्ता नाही. नारायण वामन टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले, घर दुभंगलं, लोकांनी बाईंना काय नाही ऐकवलं. आणि एवढं सगळं सांगणाऱ्या पुस्तकात दर दुसऱ्या पानावर हसू. सुरुवातच सोवळ्याचं वेड लागलेल्या वडिलांपासून, जे मीठसुद्धा धुऊन घेत. धुतल्यावर मिठाचं काय होतं हे घरातल्या पोरीला दिसतंय, वडिलांना दिसत नाही. हे वाचताना मी बाकावर एकटाच हसलो, शिपाईमामा बघायला आला.

लक्ष्मीबाईंनी दुःखाला विनोदाची झालर लावली असं कुणीतरी जुन्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, ती काढली. झालरबिलर काही नाही. त्या वडिलांवर, नवऱ्यावर आणि सर्वांत जास्त स्वतःवर हसतात, पण कुणाचाही सूड घेत नाहीत. पुस्तक १९३४ पासून भागाभागाने आलं, १९३६ साली लक्ष्मीबाई गेल्या. माझ्या मते मराठीत यावर अजून कुणी मात केलेली नाही. ग्रंथपालबाईंना हे मत फार ठाम वाटलं. चिठ्ठीत नाही घातलं, इथे घालतो.

रमाबाईंचा 'स्वतः', लक्ष्मीबाईंचे 'टिळक', सुनीताबाईंचा 'भाई'. नुसत्या या तीन शब्दांवर ऐंशी वर्षं मोजता येतील. माझी बायको मला 'अहो, ऐकलं का' म्हणते. तिचं पुस्तक आलं तर अवघड आहे.

२१ जून

नोंद फक्त साफसफाईची. खालच्या फळीतल्या पुस्तकांना कसर. डांबराच्या गोळ्या आणल्या. सात पुस्तकं बांधणीला. वाळवी नाही, नशीब.

२४ जून

मोठी चरित्रं. हा भाग मला जड गेला, लपवत नाही.

न. चिं. केळकरांचं लोकमान्य टिळकांचं तीन खंडी चरित्र घेतलं, पहिल्या खंडाच्या मध्यावर मान टाकली. केळकर सहवासातले, माहिती अफाट, पण टिळक जेवताना काय खात, कशावर चिडत, हे शोधायला चाळणी घेऊन बसावं लागतं. धनंजय कीरांचं आंबेडकर चरित्र याच्या उलट, वाचवून घेतं. मूळ इंग्रजी, १९५४ साली, बाबासाहेब हयात असताना आलं. कीर रत्नागिरीचे, मुंबई महापालिकेत नोकरी, आणि नोकरी सांभाळून चरित्रामागून चरित्र. खैरमोड्यांचे आंबेडकरांवरचे खंड मात्र वाचायचे नाहीत, वापरायचे. पत्रं, तारखा, सभा, बारीकसारीक सगळं. चिठ्ठी: 'सलग वाचू नका. शंका आली की उघडा.'

मग एकवीस गौरवग्रंथ. साखर, शिक्षण, सहकार, सगळ्या क्षेत्रांतले. मांडणी ठरलेली: शुभेच्छा, शुभेच्छा, रंगीत फोटो, 'मला भेटलेले अमुकराव' असे चाळीस लेख, शेवटी जाहिराती. चाळीसांपैकी एकाच्याही लेखात अमुकराव कधी चुकलेले नाहीत. माझ्या कसोटीला अपवाद एकच सापडला. एका ग्रंथात गाडीच्या चालकाने दीड पान लिहिलंय: साहेबांना घाटात गाडी लागते, पण कार्यकर्त्यांसमोर थांबायचं कसं, म्हणून 'ड्रायव्हरला चहा हवाय' असं सांगून गाडी थांबवत. सहाशे पानांत हे दीड पान चरित्र. वीस ग्रंथ निर्लेखनासाठी सुचवले, हा एक ठेवला, खूण घालून.

२९ जून

पालखी आमच्या बाजूला, गर्दीमुळे वाचनालय दोन दिवस बंद. घरी विष्णुभट गोडश्यांचा 'माझा प्रवास' वाचला. तिसऱ्यांदा.

पेणजवळच्या वरसईचा भिक्षुक. घरात कर्ज. उत्तरेत मोठा यज्ञ आहे, दक्षिणा भरपूर मिळेल असं कळतं म्हणून काकांबरोबर निघतो आणि थेट १८५७ च्या वणव्यात जाऊन पडतो. झाशीचा वेढा पडला तेव्हा हा आत. लुटले जातात, पुन्हा मिळवतात, पुन्हा लुटले जातात. शेवटी घरी परततो ते गंगेचं पाणी घेऊन, आईवडिलांना स्नान घालायला. पैशाच्या नावाने जवळजवळ शून्य.

या पुस्तकाची खरी मजा अशी की लिहिणाऱ्याला आपण इतिहास पाहतोय याची घमेंडच नाही. दक्षिणेचा लोभ, जिवाची भीती, पोटातली भूक, तिन्ही सांगतो. वीर होण्याचा प्रयत्न करत नाही, म्हणून त्याने सांगितलेल्या राणीवर माझा विश्वास बसतो. हस्तलिखित मोडीतलं. १९०७ साली चिंतामणराव वैद्यांनी छापलं ते बरंच हात फिरवून. मुळाबरहुकूम पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली दिला. आमच्याकडे वैद्यांची जुनी प्रत आहे. पोतदारांची मागवावी, असं पत्र बाईंकडे दिलं.

धोंडो केशव कर्व्यांचं 'आत्मवृत्त' याच बैठकीत. १८७५ साली मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी पायी निघाले, सह्याद्री चढून, भर पावसाळ्यात, चौथ्या दिवशी पोचले. तिथे साहेब म्हणाला, तू सतराचा दिसत नाहीस, जा. बस्स. कर्वे हे सांगतानाही आवाज चढवत नाहीत. मी कंडक्टर, मला एकदम वाटलं की याला परतीचं तिकीट तरी कुणीतरी द्यायला हवं होतं. याच घराची दुसरी बाजू आनंदीबाईंच्या 'माझे पुराण'मध्ये: नवऱ्याचा पैसा संस्थेकडे जातोय आणि घरात बाई काटकसरीला भिडलीये. दोन्ही पुस्तकं एकमेकांना खेटून लावणार, आकडा काहीही सांगो.

५ जुलै

चूक झाली, नोंदवून ठेवतो.

बेबी कांबळेंच्या 'जिणं आमुचं'वर मी चिठ्ठी लावली होती: 'अत्यंत करुण. मन घट्ट करून वाचा.' वाचनालयात अभ्यासिकेसाठी येणाऱ्या एका मुलीने ती चिठ्ठी सोलून माझ्यापुढे ठेवली. म्हणाली, "काका, तुम्ही आषाढाचं प्रकरण वाचलं नाही का?"

वाचलं होतं. पण करुणा शोधत वाचलं होतं. संध्याकाळी घरी नेऊन पुन्हा वाचलं. आषाढ महिना म्हणजे त्या वस्तीचा मोकळा महिना. न्हाणीधुणी, सारवण, अंगात येणं, बायकांची धांदल. भूक आहे, अपमान आहे, आणि त्याच पानावर हशा आहे. बेबीताई त्या हशात सामील आहेत आणि आपल्याच माणसांच्या अंधश्रद्धेवर कोरडे ओढायलाही कचरत नाहीत. फलटणला दुकानात बसून लपवून लिहिलेलं हे. लिहिलेलं कुणाच्या हाती लागू नये म्हणून वर्षानुवर्षं दडवून ठेवलं होतं. फलटण इथून तासाभरावर, माझी गाडी त्या रस्त्याने हजारदा गेली असेल. लक्ष्मण मान्यांचं 'उपरा'ही त्याच तालुक्यातलं, १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार. गाढवांवर बिऱ्हाड घालून चाललेली माणसं मी गाडीच्या खिडकीतून पाहिलेली. हॉर्न दिलेला. आत काय चाललंय ते त्या पुस्तकाने सांगितलं.

'बलुतं' परत चाळलं. दया पवारांनी त्यात एक युक्ती केलीये: गोष्ट सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. शिकलेला, पांढरपेशा झालेला माणूस आणि त्याच्या आतला दगडू समोरासमोर. दगडू शिकलेल्याला सोडत नाही. इथे माझी कसोटी मोडली. स्वतःवर हसणं हा एक मार्ग झाला. ज्याला हसणं परवडत नाही तो स्वतःला दगडूच्या तावडीत देतो. पन्नास पानांचा नियम वहीत खोडला, आता एवढंच बघतो की लेखकाने स्वतःला कुठे उघड्यावर ठेवलंय का.

नवी चिठ्ठी त्या मुलीकडूनच लिहून घेतली. 'आषाढापासून सुरू करा.' एवढीच.

१० जुलै

विनोदाचं कपाट खरं तर माझ्या कामात नाही, पण बाईंना विचारून तेही उघडलं.

वर्तमानपत्री विनोदी लेखांचे संग्रह ढिगाने. बहुतेकांना वास लागलाय. रॉकेलची रांग, टेलिफोनची प्रतीक्षायादी, रेशनचा गहू: मला अजून हसू येतं, नातवाला वाचून दाखवलं तर म्हणाला, "आबा, यात जोक कुठला?" आणि बायकोच्या खरेदीवरचे, सासूवरचे लेख, ते तेव्हाही शिळेच होते. तीस संग्रहांतून आठ ठेवले. कोल्हटकरांचे 'सुदाम्याचे पोहे' ठेवले, पण आज वाचायला दात लागतात, हे चिठ्ठीत कबूल केलं.

टिकलंय कोण? जो स्वतः फजित होतो तो. 'अपूर्वाई' १९६० ची. लंडन बदललं, बोटीचा प्रवास गेला, पण विलायतेला निघालेल्या माणसाला गावभर मिळणारे सल्ले जसेच्या तसे आहेत. माझा भाचा गेल्या वर्षी कॅनडाला निघाला तेव्हा आमच्या ओटीवर तेच चाललं होतं, फक्त लोकरीच्या बनियनच्या जागी प्रेशर कुकर होता.

आणि चिं. वि. जोशी. बडोद्याला पाली शिकवणारा प्राध्यापक आणि लिहिलं काय, तर चिमणराव नावाच्या कारकुनाचं 'मी'तलं आयुष्य. खोटं आत्मचरित्र. पण चिमणराव आपली कुठलीही फजिती झाकत नाही, आणि तिकडे वीस खऱ्या माणसांच्या ग्रंथात एकही फजिती नाही. बाईंना म्हटलं, चिमणरावाला चरित्रात घेऊ. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. चिमणराव आहे तिथेच राहिला.

१९ जुलै

तडजोड झाली. दाखल क्रमांक आणि वर्गांक जसेच्या तसे. पण दाराशी एक मोकळा मांडव (रॅकला बाई मांडव म्हणतात) मला दिला, त्यावर चाळीस पुस्तकं दोन्ही विभागांतून, मी लावीन तशी. वर पाटी नाही. 'स्मृतिचित्रे'शेजारी 'अपूर्वाई', गोडसेभटांशेजारी चिमणराव, 'सांगत्ये ऐका'शेजारी 'आहे मनोहर तरी'. अभिनेत्री हंसा वाडकरांचं 'सांगत्ये ऐका' हे पुस्तक बोलून सांगितलेलं, अरुण साधूंनी उतरवलेलं, आणि वाचताना आवाज कानात येतो.

आठवडाभरात मांडवावरून अकरा पुस्तकं गेली. गुरुजींनी 'माझा प्रवास' नेलं. जाताना म्हणाले, "यात राणी काय बोलली ते आहे ना?" म्हटलं, आहे, आणि ऐकणारा तिथे होता.

२६ जुलै

चार नंबरचं कपाट भरलं. २९१ पैकी २४३ आपापल्या जागी लागली, ४१ निर्लेखनासाठी, सात बांधणीत.

दुपारी एक गृहस्थ आले, पुण्याला असतात. वडील वारले, घर आवरताना आमच्या शिक्क्याचं पुस्तक निघालं. 'कऱ्हेचे पाणी', खंड तिसरा. परतीची तारीख १४ मार्च १९९४. आत खूण म्हणून एसटीचं पंच केलेलं तिकीट.

बाईंनी कॅल्क्युलेटर काढला. दिवसाला दहा पैसे या जुन्या दराने ११,४५७ दिवसांचे ११४५ रुपये ७० पैसे होतात. ते गृहस्थ खिशात हात घालायला लागले, मी बाईंकडे बघितलं, बाई नोंदवहीकडे. दंड घ्यावा की माफ करावा, विषय पुढच्या सभेत. पुस्तकाची पावती दिली. गहाळ आता सव्वीस.